बिनकामाची हालचाल

माझा नवरा चाकणला, महाळुंग्याजवळच्या एका कंपनीत कामाला आहे. त्याचं काम नेमकं काय, हे लग्नानंतर बरेच दिवस मला लोकांना सांगता यायचं नाही. तो यंत्र चालवत नाही आणि दुरुस्तही करत नाही. तो हातात घड्याळ घेऊन यंत्र चालवणाऱ्या माणसाशेजारी उभा राहतो. बोल्ट उचलायला माणूस किती वाकला, मागे कितीदा वळला, एका हातातली वस्तू उगीच दुसऱ्या हातात का घेतली, हे सगळं बघतो आणि मग बोल्टचं खोकं उचलून त्या माणसाच्या कोपरापाशी आणून ठेवतो. माणसाची कंबर वाचते, कंपनीचा वेळ वाचतो. ज्या हालचालीने वस्तूत काहीच भर पडत नाही ती बिनकामाची, आणि बिनकामाची हालचाल दिसली की काढून टाकायची, असा त्या लोकांचा धर्म आहे. जेवताना ताटात केस निघाल्यावर आपलं जे होतं, ते माझ्या नवऱ्याचं अशी हालचाल दिसल्यावर होतं.

हे वेड गेटच्या आत राहिलं असतं तर माझी काही तक्रार नव्हती. पण मोशीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये ओट्याच्या वरच्या भिंतीवर झारा, उलथनं, पळी, किसणी यांच्या आकृती काढलेल्या आहेत. ज्याची त्याची जागा ठरलेली, म्हणजे झारा जागेवर नसला की दारातूनच कळतं. माझ्या माहेरची माणसं आली की आधी ती भिंत बघून हसून घेतात आणि मग पाणी पितात. मी भोसरीतल्या एका शाळेत मराठी शिकवते. वर्गात मी फळ्यापासून बाकांपर्यंत फार फेऱ्या मारत असणार, असं त्याने मला एकदा सुचवून पाहिलं. मी म्हटलं, ये एकदा आणि घड्याळ घेऊन शेवटच्या बाकावर बस, पोरं तुझीच हालचाल बंद पाडतील. तेव्हापासून शाळेचा विषय बंद आहे. माझ्या फोनलाही मी त्याला हात लावू देत नाही. माझा फोन जसा आहे तसा मला आवडतो.

माझ्या सासूबाई, ज्यांना मी आई म्हणते, पिंपरीत राहतात. त्या आणि सासरे मराठवाड्यातून दुष्काळात इकडे आले. सासरे एका कंपनीत प्रेसवर लागले आणि दोघांनी दोन खोल्यांत सगळा संसार केला. खोल्यांच्या खाली भाजीवाला, कोपऱ्यावर विहार, आणि विहाराच्या पायऱ्यांवर संध्याकाळी गल्लीतल्या बायका. आईंचं जग एवढंच आहे आणि ते त्यांना पुरून उरतं. दर पौर्णिमेला विहारात खीर होते ती आईंच्या हातची. मध्यंतरी एकीने ती करून बघितली होती, तिचा विषय अजून निघतो.

सासरे गेल्यावर नवऱ्याने आईंच्या मागे मोशीला यायचा लकडा लावला. आई म्हणाल्या, "तुजं घर लई चांगलं हाय. पन बोलायला कोन, तर लिफ्ट आन् वॉचमन. मला नगं." मायलेकांची पुष्कळ ओढाताण झाली आणि शेवटी तह झाला तो फोनवर. रोज सकाळी आईंनी व्हिडिओ कॉल करायचा, लेकाने त्यांचा चेहरा बघायचा आणि मगच कामाला लागायचं. कॉल चुकायला लागले की मुकाट्याने मोशीला यायचं. आईंनी ही अट मान्य केली आणि फोन शिकायला बसल्या.

या कॉलला वेळेचं बंधन होतं. चाकणच्या पुष्कळ कंपन्यांत कॅमेऱ्याचा फोन आत नेऊ देत नाहीत. गेटवर टोकन घ्यायचं, फोन कप्प्यात टाकायचा आणि शिफ्ट सुटली की परत घ्यायचा. म्हणजे कंपनीची बस गेटला लागायच्या आत आईंचा कॉल आला तर आला. नाही आला, तर नवऱ्याचा सगळा दिवस टांगणीला. मग तो आतून ऑफिसच्या फोनवरून मला शाळेत फोन करणार आणि मी मधल्या सुट्टीत पिंपरीला फोन लावत बसणार.

पण तशी वेळ फारशी आली नाही, कारण आई फोन शिकल्या आणि चांगल्या शिकल्या. काही महिन्यांत त्या लातूरच्या बहिणीशी तासन्‌तास बोलायला लागल्या. विहारातल्या बायकांचा ग्रुप होता, त्यावर कुणाच्या नातवाचं काय चाललंय याची बित्तंबातमी ठेवायला लागल्या. सकाळचा कॉल कधी चुकला नाही. नवरा बसमध्ये खिडकीशी बसायचा, आई ओट्यापाशी उभ्या राहायच्या. "चेहरा बगितला? झालं समाधान? ठेव आता," एवढंच बोलणं व्हायचं. पण त्यावर दोघांचा दिवस निघायचा.

मग ते अपडेट आलं. रविवारी चहा झाला की घरातल्या सगळ्या फोनांना तेलपाणी करायचं, हा नवऱ्याचा नेम. यंत्र बंद पडायची वाट बघायची नाही, आधीच देखभाल करायची, हेही कंपनीतूनच आलेलं. त्या रविवारी आई आमच्याकडे जेवायला होत्या. त्याने त्यांचा फोन चार्जिंगला लावला आणि नवीन अपडेट घालून दिलं. माझ्या फोनवर तेच अपडेट मी माझ्या हाताने घेतलं. माझा फोन त्यामानाने नवा. त्यावर सगळं आधीपेक्षा मऊ झालं, पडदे दुधावरच्या सायीसारखे सरकायला लागले. मला उगीचच फोन उघडून मिटावासा वाटायचा.

आईंचा फोन मात्र जुना. अपडेटचं ओझं त्याला झेपलं नाही. पडदा सरकवला की अर्धा सरकायचा, थांबायचा आणि उरलेला धाडकन यायचा. चित्रं एकेक करत उगवायची. कॉलचं बटण दाबलं की काहीच व्हायचं नाही. आई पुन्हा दाबायच्या, तेवढ्यात पहिलं दाबणं लागू व्हायचं आणि दुसऱ्याने कॉल कट व्हायचा. "ह्याला दम लागतुया," त्या म्हणाल्या. तरी चिकाटी सोडली नाही. कॉल येत होता, पण गेट अगदी तोंडावर आल्यावर.

नवऱ्याने हे प्रकरण हातात घेतलं. आणि तो जे करायला शिकला होता तेच त्याने केलं. फोनशेजारी घड्याळ धरलं. आईंच्या बोटापासून लेकाच्या चेहऱ्यापर्यंत वेळ कुठे कुठे जातो ते मोजलं. त्याला दिसलं ते असं: फोन नुसता उघडत नाही, चित्र मोठं होत होत उघडतं. बंद करताना बारीक होत होत मिटतं. दोन पडद्यांमध्ये सरकासरकी चालते, आणि या सगळ्या सरकण्या-मिटण्यात हा जुना फोन धापा टाकतो. त्याच्या दृष्टीने रोगाचं निदान झालं. मला म्हणाला, "बघ, हे सगळं नुसतं दाखवायला आहे. बिनकामाची हालचाल. कामात भर शून्य." सेटिंगमध्ये कुठेतरी खोल जाऊन त्याने सगळी ॲनिमेशनं बंद करून टाकली.

फोन पळायला लागला हे खरं. बोट लावलं की हजर, बोट लावलं की गायब. नवरा खूश होता. मीही म्हटलं, चला, एकदा तरी कंपनीतलं शिक्षण घरी कामाला आलं.

पुढच्या आठवड्यापासून गाडी घसरली. आईंचा कॉल एक दिवस आला, दोन दिवस नाही. मग तो भलत्याच लोकांना जायला लागला. विहारातले एक वयस्कर गृहस्थ अंघोळीला निघालेले असताना त्यांना आईंचा व्हिडिओ कॉल गेला, आणि दोन्हीकडून बराच वेळ कुणालाच बंद करता आला नाही. गल्लीत ती गोष्ट हसण्यावारी गेली, पण आईंना ती लागली. त्या फोन करायला कचरायला लागल्या. आपण फोन करावा तर उचलत नव्हत्या. उचलला तर आवाज यायचा, पण पडद्यावर घराचं छत.

एका सकाळी मी शाळेच्या आधी वाट वाकडी करून पिंपरीला डोकावले. आई ओट्यापाशी फोन समोर धरून उभ्या होत्या आणि लेकाला रागावत होत्या. "बोल की रे. तोंडात काय धरलंय? आईशी बोलायला बी आता..." मी मागून बघितलं. कॉल लागलाच नव्हता. पडद्यावर नवऱ्याचा साठवलेला फोटो होता, आणि कॉल लागताना फिरतं ते चक्र जागच्या जागी उभं होतं. आई फोटोशी बोलत होत्या. मी हळूच फोन घेतला आणि पुन्हा लावून दिला. त्या दिवशी वर्गात माझं लक्ष नव्हतं.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "आई विसरायला लागली."

हे वाक्य आमच्या घरात साधं नाही. त्याची आजी, म्हणजे आईंच्या सासूबाई, शेवटची काही वर्षं सगळं विसरल्या होत्या. जेवल्याचं विसरायच्या, पोटच्या मुलाला "तुमी कुनाकडं आला?" असं विचारायच्या. पिंपरीच्या त्याच दोन खोल्यांत आईंनी त्यांचं सगळं केलं. त्यामुळे विसरणं कसं सुरू होतं आणि कुठे जातं, हे आईंना दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. नवऱ्याने ते लहानपणी बघितलं होतं. आता तो घाबरला होता, आणि घाबरला की तो लगेच आखणी करायला लागतो. दिवाळीच्या सुट्टीत आईंना मोशीला आणायचं, आतली खोली त्यांना द्यायची, पिंपरीच्या खोल्यांना कुलूप लावायचं, असं त्याने ठरवून टाकलं.

मला वाटलं होतं, आई भांडतील. त्या भांडल्या नाहीत. "तुमी म्हनताल तसं," म्हणाल्या.

सुट्टी लागल्यावर मी पिंपरीला राहायला गेले. कारण सांगितलं की घर आवरायला मदत करते. खरं म्हणजे आईंना एकटं ठेवायचं नव्हतं आणि सामान बांधायचं होतं. ताकाला जाऊन भांडं लपवायचा प्रकार. आईंनी तो दारातच ओळखला. घरात गेले तर कढीपत्त्याची कुंडी दिसली नाही. ती शेजारणीला देऊन झाली होती. खिरीचं मोठं पातेलं विहारात पोचतं झालं होतं. येत्या पौर्णिमेला दुसऱ्या कुणाला तरी सांगा, असा निरोपही गेला होता. "का हो आई?" मी विचारलं. म्हणाल्या, "साखर घातली का न्हाई तेच ध्यानात ऱ्हायलं न्हाई तर? सगळ्या गल्लीनं खायचं असतं ते."

नवऱ्याने डॉक्टरांची वेळ घेऊन ठेवली होती, त्याप्रमाणे आम्ही दोघी गेलो. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलायला गोड. त्यांनी वार विचारला, महिना विचारला, काही शब्द सांगून थोड्या वेळाने परत विचारले, शंभरातून सात सात वजा करायला लावले. आईंनी सगळं बिनचूक सांगितलं. वर, दवाखान्याच्या जिन्यात दिवा लागत नाही, तो लावून घ्या, हेही सांगितलं. डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, "यांना काही झालेलं नाही. वयाच्या मानाने उत्तम आहेत." मला हायसं वाटलं. आईंना नाही. रिक्षात त्या हळू आवाजात म्हणाल्या, "तिला काय म्हाईत? माज्या सासूला बी सुरवातीला समदं येत व्हतं." आणि घर येईपर्यंत हात माझ्या हातात ठेवून बसल्या. असा हात त्यांनी सासरे गेले तेव्हासुद्धा धरला नव्हता.

दुपारी आम्ही लसूण सोलत बसलो होतो. बोलता बोलता माझ्या भावाच्या लग्नाचा विषय निघाला. नवरीने कुठल्या रंगाचा शालू नेसला होता यावर आमचं एकमत होईना. मी माझा फोन पुढे केला आणि म्हटलं, तुम्हीच बघा फोटो. आईंनी हात पदराला पुसले आणि फोन घेतला. एक फोटो उघडला, नाही म्हणाल्या, मिटला. दुसरा उघडला, मिटला. वर सरकल्या, परत खाली आल्या. "ह्यो बग. म्हटलं न्हवतं, आंबा कलर व्हता?" मग फोटो मिटून त्यांनी ग्रुप उघडला, त्यातला एक फोटो मला दाखवला आणि पुन्हा लग्नाच्या फोटोंकडे आल्या. कुठेही अडखळल्या नाहीत. ज्या बाईला स्वतःच्या फोनवर लेक सापडत नव्हता, ती माझ्या फोनवर घरात फिरावं तशी फिरत होती. मी लसूण सोलायचा थांबले.

"आई, हे तुम्हाला बरं सापडतंय."

"तुज्या फोनात दिसतंय नव्हं, कोन कुटं जातंय ते."

मला कळलं नाही. मी त्यांच्याजवळ सरकले आणि म्हटलं, परत करून दाखवा. आईंनी फोटो उघडला आणि मिटला. फोटो बारीक होत होत खाली गेला आणि बाकीच्या फोटोंमध्ये आपल्या चौकटीत जाऊन बसला. "हे बग, शिरला आपल्या घरात," त्या म्हणाल्या. "आता परत पायजे तर मला ठाऊक हाय, इथं ऱ्हातो." मग ग्रुप बंद केला, तोही आक्रसत आपल्या हिरव्या चित्रात गेला. "ह्यो बी गेला घरी. माज्या फोनात पयलं असंच व्हायचं. आता नुसता डोळा मिटल्यागत व्हतंय आन् दुसरंच काय तरी समोर उभं. कुटनं आलं, कुटं गेलं, काय बी कळंना. म्हनून म्हनते, माजंच डोकं चाललंय."

मी त्यांचा फोन आणला आणि दोन्ही फोन शेजारी धरले. माझ्यावर बटण दाबलं, चित्र आपल्या जागी गेलं. त्यांच्यावर दाबलं, नुसतं लुकलुकलं. आईंना वाचता येतं, पण चष्मा लावून, सावकाश. फोन त्या वाचून शिकल्या नव्हत्या. कोण कुठून निघतं आणि परत कुठे जातं, हे बघून शिकल्या होत्या. जे चक्र फिरायचं म्हणजे कॉल लागतोय, ते थांबलं म्हणजे कॉल लागला, असं त्यांचं गणित होतं. नवऱ्याने तेच चक्र थांबवून ठेवलं होतं. कॉल आल्यावर हिरवं बटण टुणटुण वर उडायचं, म्हणून त्या वर ओढायच्या. आता ते गप्प बसलेलं, म्हणून त्या त्याला नुसतं दाबत होत्या.

मी हे सगळं त्यांना सांगितलं. तुमच्या लेकाने ही हालचाल बंद केली, म्हणून हे झालं, असं स्पष्ट सांगितलं. आईंनी पुन्हा एकदा दोन्ही फोन हातात घेऊन बघितले.

"म्हंजी माजं डोकं ठिकानावर हाय?"

"आहे, आई."

"तू मला बरं वाटावं म्हनून सांगती."

"नाही हो. डॉक्टरांनी सांगितलं, आता फोननेही सांगितलं."

त्या उठून मोरीत गेल्या आणि बराच वेळ तोंड धूत राहिल्या. लसूण मी एकटीने संपवला.

शिफ्ट सुटल्यावर नवरा परस्पर पिंपरीला आला. आईंसमोर मी त्याला अहो म्हणते, त्यामुळे भांडण जरा अवघड जातं. "अहो, जरा ऐकता का," अशी मी सुरुवात केली. त्याने ऐकून घेतलं, पण पटेना. "अगं, ॲनिमेशन चालू केलं की फोन परत अडखळणार. आणि नुसती हालचाल बघून कुणी रस्ता लक्षात ठेवतं का?"

"कंपनीत एखाद्याचं खोकं हलवायच्या आधी तुम्ही काय करता?"

"उभा राहून बघतो."

"किती वेळ?"

"बघावं लागतं. शिफ्टभरसुद्धा. माणूस काय करतो ते कळल्याशिवाय हात लावायचाच नाही, हा नियमच आहे."

"आणि आईंच्या शेजारी किती वेळ उभे राहिलात?"

तेवढं त्याचं चांगलं आहे, चूक कळली की वाद घालत नाही. हातपाय धुऊन तो आईंशेजारी जमिनीवर बसला, घड्याळ काढून खिशात ठेवलं, माझा फोन आईंच्या हातात दिला आणि म्हणाला, "आई, तू कर. मी नुसता बघतो." आईंनी सगळं करून दाखवलं. कोण कुठून निघतं, कुठे शिरतं, सगळं. मधेच त्याला म्हणाल्या, "कळलं का? का परत दाखवू?" तो मान हलवत होता.

मग त्याने आईंच्या फोनची हालचाल परत चालू केली. फोन अर्थातच पुन्हा धापा टाकायला लागला. पण या वेळी त्याने दुसरीकडे बघितलं. ग्रुपवरून रोज येणाऱ्या फुलांच्या, उगवत्या सूर्याच्या आणि सुप्रभातच्या चित्रांनी फोन गळ्यापर्यंत भरला होता. ती आईंना विचारून विचारून काढली. पडद्यामागे हलत्या धबधब्याचं चित्र लावलेलं होतं, ते बंद केलं. आई कधीच उघडत नव्हत्या अशा गोष्टी पुसून टाकल्या. हळूहळू फोन सैल झाला. माझ्या फोनसारखी साय धरली नाही, पण अडखळणं गेलं. शेवटी हालचालीचा वेग ठरवायची वेळ आली तेव्हा त्याने विचारलं, "आई, हळू पाहिजे का जोरात?"

"तुज्या बापासारकं कर," आई म्हणाल्या. "घाई बी नगं आन् मधीच थांबनं बी नगं."

आम्ही तिघं हसलो. नवऱ्याने तसा वेग लावून दिला. फोन आईंच्या हातात देताना तो खाली बघूनच म्हणाला, "मला वाटलं, तू मला विसरायला लागलीस."

आईंनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. "मला बी तसंच वाटलं, बाबा. पन सांगत नव्हते." त्याचे डोळे भरून आले आणि माझेही. मग आईंनी पिठलं टाकलं, आणि त्याने नेहमीपेक्षा दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी तो तिथूनच लवकर बस पकडायला गेला. मी चहा घेत उंबऱ्यावर बसले होते. ओट्यापाशी आईंनी फोन उचलला, त्याचं चित्र शोधलं आणि दाबलं. चक्र फिरलं आणि थांबलं. "हां, लागला," त्या स्वतःशीच म्हणाल्या. पलीकडून बसचा घरघराट आला. "चेहरा बगितला का? मग ठेव. गेट आलं आसंल तुजं." त्यांनी फोन मिटला आणि पडद्याकडे बघत राहिल्या, चित्र आपल्या जागी जाईपर्यंत. मग मान डोलावली आणि फोन फडताळात ठेवून माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"तू कवा निगनार?"

"राहते ना सुट्टीभर. आवरायचं आहे तुमच्याबरोबर."

"काय आवरायचंय? माजं घर आवरलेलंच हाय. तुजं तिकडं उघडं पडलंय. पोळ्या बांधून देते, अकराची बस धर. मला बी वेळ न्हाई, शेजारनीकडनं कुंडी आनायचीय, पातेलं आनायचंय. पौर्निमा आली तोंडावर."

"मोशीला कधी येताय मग?"

"येईन की. दोन दिस पाव्हनी म्हनून येईन, तुज्या भिंतीवरची चित्रं बगीन, जेवीन आन् आपल्या घरी येईन."

मी पिशवी भरली. त्यांनी पोळ्यांचा डबा वर ठेवला, चेन ओढून दिली आणि मला जिन्यापर्यंत जवळजवळ ढकलतच आणलं. सासूने घरातून घालवून दिल्याचा एवढा आनंद दुसऱ्या कुठल्या सुनेला झाला असेल असं मला वाटत नाही. बस स्टॉपवर उभं राहून मी नवऱ्यासाठी निरोप टाकला. फोन गेटवर असल्यामुळे तो त्याला संध्याकाळीच वाचायला मिळणार होता. लिहिलं, तुझ्या आईने मला हाकललं.